खोटा शार्क परवडला, खरी वाटणारी थाप नको

गणपतीत पार्किंगमध्ये पडदा लावून पोरांना कुठला सिनेमा दाखवायचा यावरून आमच्या नाशिकच्या सिडकोतल्या सोसायटीत जी वादावादी झाली तशी पाणीपट्टीवरूनही कधी झाली नव्हती. पोरांची मागणी साधी होती, हिंदीत डब केलेला तो अर्धा शार्क अर्धा ऑक्टोपसवाला पिक्चर लावा. त्यावर दोन पार्ट्या पडल्या. एक म्हणे असल्या भंगार टीव्ही सिनेमांनी मुलांच्या डोक्यातलं विज्ञान नासतं, आधीच देशात अंधश्रद्धा कमी आहेत का, त्यात हे कशाला. दुसरी म्हणे अहो इतका टुकार असतो की हसून हसून पोट दुखतं, टाइमपास आहे, सोडा ना. हाच वाद थोड्याफार फरकाने मी इतर ठिकाणीही ऐकलाय, आणि दरवेळी वाटतं की दोन्ही बाजू चुकीच्या टोकाला धरून ओढतायत. माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो. टीव्हीसाठी कमी पैशात काढलेले हे राक्षसी प्राण्यांचे सिनेमे विज्ञानाचे शत्रू नाहीत, कारण ते आपला खोटेपणा लपवत नाहीत (बऱ्याचदा लपवणं परवडतच नाही). विज्ञानाची खरी वाट लावतं ते खऱ्यासारखं दिसणारं खोटं, आणि त्याच्याबद्दल ही पहिली पार्टी तोंडातून अवाक्षर काढत नाही. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात ना ते हेच, आणि सोमेश्वर तर आमच्या गंगापूर रोडलाच आहे.

ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अमेरिकेत १९९२ मध्ये साय फाय नावाचं केबल चॅनल सुरू झालं, २००९ मध्ये त्याने नावाचं स्पेलिंग बदललं, उच्चार तोच. या चॅनलला शनिवारी रात्रीसाठी सतत नवीन माल लागायचा आणि तो स्वस्तात लागायचा. मग एकेक सिनेमा साधारण दहा-वीस लाख डॉलरमध्ये, म्हणजे हॉलिवूडच्या हिशोबाने चहापाण्याच्या पैशात, दोन-तीन आठवड्यांत उरकायचा. अनेकांचं शूटिंग बल्गेरियात, कारण तिथे सगळं स्वस्त. कॉम्प्युटरवर प्राणी बनवायचा तर सेकंदासेकंदाला पैसे, म्हणून दीड तासाच्या सिनेमात प्राणी दिसणार मोजून काही मिनिटं, उरलेला वेळ माणसं कॉरिडॉरमधून पळणार, एक शास्त्रज्ञ बाई ओरडून सांगणार की याला मारू नका आणि एक मिलिटरीवाला सांगणार की बॉम्बच टाकू. जाहिरातीच्या ब्रेकआधी कोणीतरी खाल्लं जायलाच हवं, नाहीतर प्रेक्षक चॅनल बदलतो. एकदा हे गणित कळलं की हे सिनेमे असे का दिसतात ते आपोआप कळतं, त्यात कोणाचा मूर्खपणा शोधायची गरज उरत नाही. आपल्याकडे हा माल हिंदीत डब होऊन केबलवर यायचा, आणि डबिंगवाल्यांनी त्यात जी भाषा घातली ती मूळ लेखकालाही सुचली नसती असं माझं मत आहे, असो.

आता पहिल्या पार्टीचं सगळ्यात वजनदार म्हणणं घेऊ, कारण ते खरंच वजनदार आहे. डिसेंबर २०२१ मध्ये नाशिकला ९४ वं मराठी साहित्य संमेलन झालं, अध्यक्ष जयंत नारळीकर. ज्या माणसाने १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत टोपणनावाने कथा पाठवली, का तर आपल्या नावाकडे बघून कोणी बक्षीस देऊ नये म्हणून, त्या माणसाने विज्ञानकथेकडून आयुष्यभर काय अपेक्षा ठेवली? तर कथेतून विज्ञान लोकांपर्यंत जावं. त्या कसोटीवर हे शार्कवाले सिनेमे लावले तर शून्य मार्क, ग्रेस देऊनही पास नाही. एका सिनेमात तर समुद्रावरच्या वावटळीने शेकडो शार्क उचलले, लॉस एंजेलिसवर टाकले, ते हवेत जिवंत राहिले आणि पडता पडता माणसंही खाल्ली. यात कुठलं विज्ञान? हे मला मान्य आहे, शंभर टक्के मान्य. पण नारळीकरांची कसोटी विज्ञानकथेसाठी होती, आणि हे सिनेमे नाव काहीही लावोत, जातीने विज्ञानकथा नाहीतच. आपल्याच जिल्ह्यात पेठ, सुरगाण्याकडे बोहाडा होतो, रात्रभर संबळ आणि पिपाणीच्या तालावर देवादैत्यांचे मुखवटे घालून सोंगं नाचतात, हे सिनेमे त्या घराण्यातले. मुखवट्याखालचे पाय आपल्या शेजारच्या माणसाचे आहेत हे पोरासोरांना माहीत असतं, तरी दैत्य अंगावर आला की पोरं किंचाळून पळतात आणि परत पुढे येऊन बसतात. त्या रात्री कोणी शरीरशास्त्र शिकायला आलेलं नसतं. लावणीला अभंगाच्या वहीत मार्क द्यायचे आणि मग ती नापास झाली म्हणून गळा काढायचा, याला काय अर्थ आहे?

बरं, विज्ञान शिकवत नाहीत हे मान्य, पण विज्ञानाचा प्रश्न तरी डोक्यात घालतात की नाही? माझा अनुभव असा की सिनेमा जितका टुकार तितके प्रश्न जास्त. बसएवढा कोळी बघितल्यावर दहा वर्षांचं पोरगं विचारतंच की असा खरंच होऊ शकतो का. आणि त्याचं उत्तर इतकं सुंदर आहे की शाळेतल्या पुस्तकात ते पहिल्या पानावर असायला हवं. जे. बी. एस. हाल्डेन नावाच्या जीवशास्त्रज्ञाने १९२६ मध्ये प्राण्यांच्या आकारावर एक निबंध लिहिला (हे गृहस्थ पुढे १९५७ मध्ये भारतात आले, भारताचे नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले), त्यातला हिशोब साधा आहे. प्राणी सगळ्या बाजूंनी दहापट मोठा केला तर त्याचं वजन हजारपट होतं, पण हाडांच्या आडव्या छेदाचं क्षेत्रफळ फक्त शंभरपट. म्हणजे हाडाच्या प्रत्येक भागावर दहापट भार, आणि पहिल्याच पावलाला मांडीचं हाड काडकन मोडणार. कोळ्याचंही तेच, बसएवढा झाला तर शहर उद्ध्वस्त करणं सोडा, बिचारा उठूनसुद्धा बसू शकणार नाही. कीटकांची तर आणखी अडचण, त्यांना आपल्यासारखी फुफ्फुसं नसतात, बारीक नळ्यांमधून हवा थेट अंगभर जाते, आणि अंग फार मोठं झालं की ती आतपर्यंत पोचत नाही. तरी सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी हवेत ऑक्सिजन आजच्यापेक्षा बराच जास्त असताना चतुरासारखे दिसणारे किडे होते ज्यांच्या पंखांचा पसारा दोन फुटांच्या वर होता, हे सांगितलं की पोरगं सिनेमा विसरून तोंड उघडं टाकून ऐकत बसतं. आता सांगा, हा प्रश्न त्याला कुठल्या चकचकीत सिनेमाने पाडला असता?

उलट चकचकीत सिनेमाचं बघा. माणूस मेंदूचा फक्त दहा टक्के भाग वापरतो ही जुनी लोणकढी थाप, मेंदूवर काम करणाऱ्यांनी कितीदा खोडून काढलीय, पण २०१४ मध्ये ल्युसी नावाचा मोठ्या स्टारचा मोठ्या बजेटचा सिनेमा तिच्यावरच उभा राहिला, वर एका भारदस्त नटाला प्रोफेसर करून लेक्चरही द्यायला लावलं. तो बघून आलेल्या शिकल्यासवरल्या लोकांनी मला ती थाप विज्ञान म्हणून ऐकवलीय. शार्कची वावटळ बघून आलेल्या एकानेही मला हवामानशास्त्र ऐकवलेलं नाही. गोदेला पूर येतो, दुतोंड्या मारुतीच्या कमरेला लागलं, छातीला लागलं असं बघायला अख्खं नाशिक पुलावर जमतं, त्या गर्दीत कोणी कधी म्हटलंय का की सरका मागे, पाण्यातून शार्क येईल? पण धरण फुटलं एवढे दोन शब्द कोणी गंभीर चेहऱ्याने टाकले तर काय पळापळ होईल याची कल्पना करा.

आणि इथे मला २०१३ चा उन्हाळा आठवल्याशिवाय राहत नाही, म्हणजे अमेरिकेतला. ११ जुलैला साय फाय चॅनलवर शार्कनेडो लागला, वर सांगितलेली वावटळ तीच. जगभर हसण्यावारी गेला, पहिल्या रात्री बघणारे साधारण चौदा लाख. त्यानंतर महिन्याच्या आत, ४ ऑगस्टला, डिस्कव्हरी चॅनलने मेगालोडॉन या प्रचंड शार्कवर एक माहितीपट दाखवला, तो शार्क अजून जिवंत असावा असं सुचवणारा. मेगालोडॉन २५ ते ३५ लाख वर्षांपूर्वीच नामशेष झालाय. कार्यक्रमातले शास्त्रज्ञ नट होते, पुरावे बनवलेले होते, आणि हे सगळं नाट्य आहे अशी सूचना काही सेकंदांपुरती शेवटी. बघणारे ४८ लाख. त्याच्या आदल्या वर्षी त्याच समूहाच्या ॲनिमल प्लॅनेटने जलपऱ्या सापडल्याचा असाच कार्यक्रम केला होता, आणि लोकांची इतकी विचारणा झाली की अमेरिकेच्या सरकारी समुद्रविज्ञान खात्याला, म्हणजे नोआला, अधिकृतपणे सांगावं लागलं की जलमानवांचा कुठलाही पुरावा आजवर सापडलेला नाही. सरकारला शार्कनेडोबद्दल असा खुलासा करावा लागला का? आता विज्ञानाचा गुन्हेगार कोण ते तुम्हीच ठरवा. एकाकडे रबरी शार्क आणि हातात चेनसॉ घेतलेला हिरो, दुसऱ्याकडे विश्वासाचं नाव, धीरगंभीर आवाज आणि पांढरा कोट.

आपल्याकडेही काही वेगळं नाही. २००८ च्या सप्टेंबरात जिनिव्हाजवळचं ते सूक्ष्म कण एकमेकांवर आदळवणारं मोठं यंत्र सुरू होणार तेव्हा आपल्या न्यूज चॅनलांनी कृष्णविवर पृथ्वी गिळणार म्हणून घड्याळं लावली होती, २०१२ ला माया कॅलेंडरचं तेच. २००१ मध्ये दिल्लीत मंकी मॅनने लोकांना गच्चीवर झोपणं अवघड केलं, पुढच्याच वर्षी उत्तर प्रदेशात मुंहनोचवा, म्हणजे तोंड ओरबाडणारा. यातला एकही राक्षस स्वस्तातल्या सिनेमातून आलेला नव्हता, सगळे बातमी बनून आले. आणि बातमी बनून आलेल्या राक्षसाच्या सोंगाची शिवण दिसत नाही, त्याच्या पाठीवरची चेन दिसत नाही, म्हणून तो चावतो.

आपल्या जादूटोणाविरोधी कायद्याचंच उदाहरण घ्या ना. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर २०१३ मध्ये आधी वटहुकूम आणि डिसेंबरात कायदा झाला. त्या काळात किती लोक छातीठोकपणे सांगायचे की आता भुताच्या गोष्टी सांगितल्या तरी पोलीस धरतील. तसं काहीही नव्हतं. कायदा पकडतो चमत्काराचा दावा करून लोकांना फसवणाऱ्याला, घाबरवणाऱ्याला, लुबाडणाऱ्याला. गोष्ट सांगणारा आणि दावा करणारा यांतला फरक आपल्या आमदारांना कळला, मग सोसायटीच्या मीटिंगमध्ये तो का कळू नये?

मला त्रास देणारा एक आक्षेप मात्र आहे, प्राण्यांच्या बदनामीचा. जॉज हा शार्कचा सिनेमा १९७५ चा, त्यानंतर शार्कची जी दहशत बसली ती इतकी की मूळ कादंबरीचा लेखक पीटर बेंचली याने पुढे शार्क वाचवण्याच्या कामाला वाहून घेतलं. २०१३ मध्ये शास्त्रज्ञांनी काढलेला अंदाज होता की माणूस वर्षाला साधारण दहा कोटी शार्क मारतो, आणि शार्कने आपणहून हल्ला करून मारलेली माणसं जगभरात वर्षाला सरासरी दहाच्या आतच. मग शार्कला खलनायक करणारे असे ढिगाने सिनेमे काढणं बरं का? नाही, फार बरं नाही. पण जॉज हा उत्तम सिनेमा होता, अस्सल वाटणारा, म्हणून त्याने भीती घातली. तीन डोक्यांचा शार्क बघून समुद्रात पाय न घालणारा माणूस मला दाखवा. नाशिकला तर हे वेगळं सांगायला नको. निफाड, दिंडोरी, सिन्नरच्या उसात बिबट्याची मादी पिल्लं घालते, ऊस तोडताना पिल्लं सापडतात, वनखात्याची माणसं ती परत आईजवळ पोचवायला रात्र जागतात, शेतकऱ्याची भीतीही खरी आणि कधी कधी जीवही जातो. या सगळ्या अवघड प्रश्नात तेल कोण ओततं? मोबाईलवर फिरणारा, कुठल्या तरी भलत्याच गावचा किंवा हल्ली तर एआयने बनवलेला, आपल्या कॉलनीतला म्हणून पाठवलेला बिबट्या. तो पाठवणाऱ्यांत सिनेमाला नाक मुरडणारेही असतात, हे मी बघितलंय, नावं घेत नाही.

आता दुसऱ्या पार्टीकडे वळू, टुकार आहे म्हणून मजा वाल्यांकडे. यांच्यावर माझा राग पहिल्या पार्टीपेक्षा कमी नाही, कारण हे बाजू घेतल्यासारखं करून त्या कामाचा अपमान करतात. हसा ना, जरूर हसा, मीही हसतो, शार्कनेडोत एका शॉटला धो धो पाऊस आणि पुढच्याला लख्ख ऊन आहे, न हसून सांगता कोणाला. पण या कमी पैशाच्या कारखान्यात काय घडलं तेही बघा. रॉजर कॉर्मन नावाच्या माणसाने १९५० च्या दशकापासून असले खेकड्याचे, माशांचे सिनेमे काढले, आणि त्याच्या हाताखाली कोण शिकलं? कोपोला, स्कोर्सेसी, जो दांते, जेम्स कॅमेरॉन, पुढे सगळे नावाजलेले दिग्दर्शक. कॅमेरॉन १९८१ मध्ये कॉर्मनच्या एका अंतराळपटाचे सेट लावत होता, त्याला तुटलेल्या हातावर अळ्या वळवळताना हव्या होत्या, अळ्या हलेनात, तर पठ्ठ्याने वायर जोडून बारीक करंट दिला, असं सांगतात. कॉर्मनला २००९ च्या नोव्हेंबरात मानद ऑस्कर मिळालं आणि पुढच्या वर्षी, २०१० मध्ये, त्याने टीव्हीसाठी काय आणलं? शार्कटोपस. आमच्या पोरांनी मागितलेला तो हाच. मला हे फार आवडतं. ऑस्कर कपाटात ठेवून माणूस परत रबर आणि कॉम्प्युटरच्या राक्षसाकडे गेला.

आणि हे समजायला अमेरिकेला तरी कशाला जायचं, मालेगाव आपल्याच जिल्ह्यात आहे. नासिर शेख आणि त्याच्या दोस्तांनी यंत्रमागांच्या गावात मालेगाव के शोले काढला, सायकलवर कॅमेरा ठेवून ट्रॉली केली, बैलगाडीची क्रेन केली, पुढे किडकिडीत अंगाच्या शफीक शेख या यंत्रमाग कामगाराला सुपरमॅन करून हिरव्या कापडासमोर उडवला. या खटाटोपावर २००८ मध्ये माहितीपट आला, २०२५ मध्ये थेटरात मोठा हिंदी सिनेमा लागला, आणि तो बघून कॉलेज रोडच्या मंडळींच्या डोळ्यात पाणी. जिद्द म्हणे. मग तेच हिरवं कापड बल्गेरियात लावलं की कचरा कसा होतो? इथे मात्र एक फरक मान्य करायलाच हवा. मालेगावात पैसा नव्हता म्हणून शिवण दिसली. अमेरिकेतल्या काही कंपन्यांनी पुढे शिवण दिसण्याचाच धंदा केला, मोठ्या सिनेमाच्या नावाशी मिळतंजुळतं नाव लावून माल विकला, आणि शार्कनेडोचे २०१८ पर्यंत सहा भाग काढताना चौथ्या-पाचव्यापासून नुसतं डोळा मारणं चालू झालं, बघा आम्ही मुद्दाम किती वाईट करतोय. ते मला अजिबात बघवत नाही. राक्षस गंभीरपणे केला तरच मजा आहे, मग तो कितीही फसो. म्हणजे टुकार आहे म्हणून मजा या वाक्यानेच हा प्रकार मारला, पहिल्या पार्टीच्या टीकेने नव्हे.

आता खरी अडचण पुढे आहे आणि ती माझ्याही बाजूची अडचण आहे. माझा सगळा डोलारा शिवण दिसण्यावर उभा आहे. एआयने ती शिवण फुकटात मिटवायला सुरुवात केलीय. उद्या कोणीही घरी बसून गंगापूर धरणातून वर येणाऱ्या पंचवीस फुटी मगरीचा व्हिडिओ काढेल, आणि तो खरा वाटेल. तेव्हा स्वस्त म्हणजे निरुपद्रवी हा हिशोब चालणार नाही, हे बनवलेलं आहे असं सुरुवातीलाच ठळक सांगावं लागेल, शेवटच्या तीन सेकंदांत नाही. यावर लगेच रड सुरू होते की आधीच सांगितलं तर मजा काय राहिली. राहते. त्र्यंबकला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१९ मध्ये कालिया मर्दन काढला, तोही म्हणाल तर पाण्यातल्या राक्षसाचाच सिनेमा, खोटा नाग आणि त्याच्याशी झुंजणारी त्यांची सात वर्षांची मुलगी मंदाकिनी, कृष्णाच्या वेशात. सिनेमाच्या सुरुवातीला फाळके काय करतात? आधी मंदाकिनीला मंदाकिनी म्हणूनच दाखवतात, साधी मुलगी, चेहऱ्यावर एकेक भाव आणून दाखवणारी, आणि मग डोळ्यांदेखत तिचाच कृष्ण करतात. बघा, ही माझी पोरगी आहे, आता ती देव होणार. हे उघडपणे सांगून पुढे नागाची झुंज दाखवली, आणि लोकांनी ती डोळे भरून बघितली.